चूल पेटायच्या आधी सांगा

प्रश्न : ताई, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, तिला एक धाकटा भाऊ आहे. गेल्या वर्षी नागपूरला तिला सिलियाक निघालं, गहू-जव अजिबात न चालणारा आतड्याचा आजार. घरी आम्ही सगळेच ज्वारीच्या भाकरीवर आणि भातावर आलो, तिचं वजन पाच किलोनं वाढलं. आता वैशाखात माझ्या भावाकडे लग्न आहे, दोन दिवसांचा मुक्काम. माझी आई म्हणते, "एक दिवस खाल्ल्यानं काय होते? लेकराचं तोंड मारू नोको." पोरगी म्हणते, मी येतच नाही. काय करू?
(एक आई, आर्वी तालुका)

उत्तर : लेकीला लग्नाला न्या. सख्ख्या मामाच्या घरचं लग्न आणि ती घरी कुलूप सांभाळत बसली, असं होऊ देऊ नका. सोळाव्या वर्षी 'मी येत नाही' म्हणायची सवय लागली की मग ते कॉलेजच्या सहलीला, मैत्रिणीच्या साखरपुड्याला, सगळीकडे म्हटलं जातं. माझ्या मुलाचं निदान २०११ साली झालं, तो नऊ वर्षांचा असताना. पुढची तीन वर्षं तो एकाही पंगतीत बसला नाही. मला वाटायचं, मी त्याला जपते आहे. खरं म्हणजे मला आचाऱ्यापाशी जाऊन बोलायचा संकोच होता आणि त्याची किंमत तो देत होता.

आधी तुमच्या आईचं पाहू. त्यांच्यावर रागावू नका, नातीच्या मायेनं बोलतात त्या. त्यांना डोळ्यांनी दाखवा. कणकेचा लिंबाएवढा गोळा भिजवा, अर्धा तास ठेवा आणि पाण्याच्या धारेखाली चोळून चोळून धुवायला घ्या. आधी दुधासारखं पांढरं पाणी निघतं, मग ते निवळत जातं, आणि शेवटी हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. ओढला तर ताणतो. ते ग्लुटेन. पोळी लाटताना फाटत नाही ती त्याच्यामुळे. माझ्या सासूबाईंनी हा गोळा बोटांनी ओढून पाहिला आणि विचारलं, "हे असं पोरगं पोटात घालत होतं?" त्यानंतर त्यांनी कधी आग्रह केला नाही.

मग हिशोब सांगा. एका मध्यम पोळीत अदमासे २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. या आजारात दिवसाचं १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांचं आतडं सांभाळलं जातं. म्हणजे पोळीचे दोनशे तुकडे करायचे, त्यातला एक. इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये एक अभ्यास मांडला होता. पथ्यावर असलेल्या काही रुग्णांना त्यांनी रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानं आतड्याच्या आतली लव झिजली. ही लव मखमलीसारखी असते, लोह, कॅल्शियम, सगळं पोषण तिच्यातूनच अंगी लागतं. सिलियाकमध्ये शरीर ग्लुटेनला शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढताना स्वतःचीच ही लव कापून काढतं. पोट दुखलं नाही तरी आत हे चालू राहू शकतं. म्हणून 'मागच्या वेळी खाल्लं तर काही झालं नाही' या बोलण्यात अर्थ नसतो.

"आमच्या वेळी असं काही नव्हतं" हे तुम्ही ऐकलं असेलच. तुमच्या आईच्या लहानपणी आपल्याकडे रोजची भाकर ज्वारीची होती, पोळी सणाची. गहू रोज ताटात आला तो नंतर. आणि आजारही नवा नाही. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं ब्रेड मिळेनासा झाला. लोक उपाशी, आणि त्यांची ही आजारी मुलं मात्र सुधारली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा पडली.

आता लग्नाचं. मी स्वतः कसं शिकले ते सांगते.

दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात माझ्या पुतण्याचं लग्न होतं. मुलगा बारा वर्षांचा. या वेळी न्यायचंच असं ठरवून गेले. जेवणाच्या तासभर आधी मांडवामागं गेले आणि आचाऱ्याला म्हटलं, "याला पथ्य आहे, ग्लुटेन चालत नाही." त्यानं मान हलवली, "हो हो, मावशी." मी निश्चिंत झाले. पंगत बसायच्या थोडं आधी पुन्हा डोकावले. पुऱ्या लाटणारा पोरगा कोपरापर्यंत पांढरा झालेला. त्याला कोणीतरी हाक मारली, तो तसाच उठला, भाताच्या गंजात दोन्ही हात घालून भात मोकळा केला आणि परत पोळपाटावर जाऊन बसला. तो भात माझ्या मुलाच्या ताटात जाणार होता.

मी आचाऱ्याला दाखवलं. तो साठीचा माणूस, हातातला झारा खाली ठेवून म्हणाला, "मावशी, हे काल राती सांगतलं असतं तं येक गंज बाजूले काढला असता. आता सारा सैपाक येकमेकात गेला." त्याच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती. त्याला वाईट वाटलं होतं, तो दोनदा येऊन मुलाला केळी देऊन गेला. चूक माझी होती. मी वेळ चुकले आणि शब्दही चुकले.

वेळ ही, की आदल्या संध्याकाळी, भट्टी मांडत असतात तेव्हा जा. सामानाची पोती उघडलेली असतात, भांडी धुतलेली पालथी असतात, आचारी चहा घेत बसलेला असतो. त्या वेळी त्याला ऐकायला सवड असते आणि करायला जागाही असते. भावाला सोबत न्या, यजमानानं सांगितलेलं आचारी मनावर घेतो.

शब्द हे, की ग्लुटेन म्हणू नका, पथ्य तर मुळीच म्हणू नका. पथ्य म्हटलं की आपल्याकडे तिखट-तेल कमी असा अर्थ होतो. आचारी प्रेमानं फिकं वरण काढतो आणि सोबत गरम पोळी वाढतो. सरळ सांगा : "या पोरीला गहू, मैदा, रवा, जव यांचा कणही चालत नाही. कणकेचा हात लागलेलं चालत नाही, पुरीच्या तेलातलं चालत नाही. खाल्लं तर आजारी पडते." एवढं पुरतं. मी आजवर ज्या ज्या आचाऱ्याला असं सांगितलं, त्यातल्या एकानंही नाही म्हटलं नाही.

मग त्याच्याकडून मागायचं काय? भात सगळ्यात आधी शिजतो, त्यातला एक डबा भरून लगेच बाजूला. तुमचा घरचा झाकणाचा डबा न्या, स्वच्छ डावानं भरा, झाकण लावून स्वतःच्या ताब्यात घ्या. वरण शिजलं की फोडणी पडायच्या आधी एक गडवा काढा. ही फोडणीची गोष्ट नीट समजून घ्या, कारण घोटाळा तिखटात नसतो, हिंगात असतो. बाजारात डबीतला जो हिंग मिळतो तो बांधणीचा. अस्सल हिंग इतका उग्र की त्यात पीठ आणि डिंक मिसळून तो सौम्य करतात, आणि ते पीठ बहुतेक डब्यांत गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, भिंग घेऊन वाचा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, तो घरासाठी आणा. आम्ही वर्षभर सगळं सांभाळलं आणि रोज चिमटीनं गहू घालत राहिलो, हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरातच बसून राहिले होते.

आलू-वांग्याची भाजी आपल्या लग्नाचा जीव. ती सहसा शेंगदाणा, खोबरं, तीळ यांच्या वाटणावर असते, पण हिंग पडला का आणि रस्सा दाट करायला काही लावलं का, हे विचारा. हिंगाआधी काढता आली तर काढून घ्या, नाही तर सोडा. बुंदी बेसनाची असली तरी काही जण कळी मोकळी यावी म्हणून हात राखून मैदा घालतात. शिवाय बुंदी आदल्या रात्री नव्या तेलात पडली की पुऱ्यांच्या कढईत, हे महत्त्वाचं. तळणीच्या उष्णतेनं ग्लुटेन मरत नाही. कढीत हिंग, मठ्ठ्यात हिंग. पापड पुरीच्या तेलात. कुरडई तर गव्हाचीच, हे माहीत असूनही लोक 'ती काय, फुलासारखी हलकी' म्हणून लेकरांच्या हातावर ठेवतात. रोडगे, पानगे, गाकर, सरगुंडे, शेवया, लापशी, शिरा, जिलेबी, गुलाबजाम ही नावं पोरीला पाठ असू द्या. सातूचं पीठही नाही, त्यात गहू किंवा जव असतो.

तिला पहिल्या पंगतीला बसवा. तेव्हा भांडी कोरी असतात, वाढप्यांचे हात कोरे असतात. तिसऱ्या पंगतीपर्यंत पोळीचा चुरा भातात आणि भाताचा डाव भाजीत गेलेला असतो. उभ्यानं जेवण असेल तर हेच आणखी जास्त, चमचे या भांड्यातून त्या भांड्यात फिरतात. सोबत घरून सहा-सात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तुपाची बाटली आणि तिचं स्वतःचं ताट-वाटी न्या. दुसऱ्या दिवशी भाकर कडक झाली तर वरणात कुस्करून खाऊ दे, ज्वारीची भाकर वरणात सुरेख लागते.

विचारलं नाहीत तरी एक सांगते. तुमच्या पत्रात तिच्या धाकट्या भावाचा उल्लेख आहे. सिलियाकच्या रुग्णाचे सख्खे भाऊ-बहीण आणि आईवडील यांच्यात साधारण दहात एकाला हा आजार निघतो, त्रास नसला तरीसुद्धा. तुम्हा तिघांचीही रक्ताची तपासणी करून घ्या, टीटीजी म्हणतात तिला. आणि घरी तुम्हा सगळ्यांचाच गहू बंद आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा. गहू सोडल्यावर तपासणी केली तर आजार असूनही ती कोरी येऊ शकते.

प्रश्न : माझ्या पतीचा गहू दीड वर्षापासून पूर्ण बंद आहे. बाहेर चहाशिवाय काही घेत नाहीत. तरी रक्तातला टीटीजीचा आकडा उतरत नाही, रक्तही वाढत नाही. डॉक्टर विचारतात, बाहेर काय खाता? आम्ही काय सांगावं?
(दर्यापूर तालुका)

उत्तर : तुमची ज्वारी कुठं दळता?

पत्र वाचल्याबरोबर माझ्या मनात हेच आलं, कारण आमच्या घरी हेच झालं होतं. मुलाचा आकडा वर्षभर खाली येईना. मी त्याच्यावर संशय घेतला. शाळेत बिस्कीट खातोस का, मित्राच्या डब्यातलं खातोस का, असं दहा वर्षांच्या पोराला रोज विचारायची. तो रडायचा. शेवटी एका सकाळी मी ज्वारीचा डबा घेऊन स्वतः चक्कीवर गेले, एरवी डबा गडी नेत असे.

माझ्यापुढं एका बाईचा गव्हाचा डबा होता. तो दळून झाला, चक्कीवाल्यानं तोंडाशी बांधलेल्या कापडाच्या नळीला दोन थापा मारल्या आणि तीच नळी माझ्या डब्यात सोडली. पहिलं जे पीठ पडलं ते पिवळसर होतं. मग हळूहळू ज्वारीचा पांढरा रंग आला. मी ते पिवळं पीठ मुठीत घेतलं आणि थोडं पाणी लावून अंगठ्यानं मळलं. ज्वारीचं पीठ मळलं तर तुटतं, त्याला ओढ नसते. याला ओढ होती. वर्षभर त्याच्या पहिल्या दोन-तीन भाकरी अशा होत होत्या, आणि नवं पीठ आलं की गरम भाकर आधी मी त्यालाच वाढायची.

चक्कीवाल्याची काहीच चूक नाही, त्याचा धंदाच तो. आधी दोन किलो तांदूळ दळून मग ज्वारी दळली तर फरक पडतो, पण पुरेसा नाही. दगडाच्या टाक्यांत, नळीच्या शिवणीत, खोलीतल्या हवेत गव्हाचं पीठ असतंच. हे मी 'बाहेरचं खाणं'च धरते. घरी भाकर थापली म्हणून ती घरची होत नाही.

घरघंटी घ्या. खर्च आहे, मला ठाऊक आहे. आम्ही ती त्या वर्षीच्या कापसाच्या चुकाऱ्यातून घेतली आणि नांगरटीचे पैसे पुढं ढकलले. घेतल्यावर तिच्यात गहू एकदाही जाऊ देऊ नका, शेजारणीनं कितीही गळ घातली तरी. घेणं जमतच नसेल तर जुनं जातं माळ्यावरून उतरवा, चार दिवसांचं पीठ दळून निघतं. पण आधी जातं धुऊन, वाळवून, पहिलं मूठभर दळण गुरांना घाला, आजीनं त्यावर गहूच दळलेला असणार. दळायच्या आधी ज्वारी निवडून घ्या, एकाच खळ्यावर, एकाच पोत्यांतून गहू-ज्वारी फिरते, चार-सहा दाणे गव्हाचे सापडतातच. बेसनाचंही तेच, हरभऱ्याची डाळ आणून घरीच दळा. पिठलं, पाटवडी, गोळाभात हे सगळं त्यावर आहे.

हे करा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. आमच्याकडे आठ महिन्यांत आकडा निम्म्यावर आला. तुमच्याकडे तेवढ्यानं उतरला नाही तर पोटाच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा, मग दुसरी कारणं शोधावी लागतात. आणि तोवर कृपा करून त्यांच्यावर चोरून खाण्याचा संशय घेऊ नका.

प्रश्न : मी बियाणं-खताच्या कंपनीत आहे. पांढरकवडा, वणी, उमरखेड असं महिन्यातून वीस दिवस फिरणं. दोन महिन्यांपूर्वी सिलियाक निघालं. ढाब्यावर, बसस्टँडवर खाणं टळत नाही. काय मागवावं याची यादी द्याल का?
(एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : यादी मी देणार नाही, कारण तोच पदार्थ एका ढाब्यावर चालेल आणि पलीकडच्या ढाब्यावर चालणार नाही. 'यात गहू आहे का' असंही विचारू नका, त्याला उत्तर 'नाही साहेब' असंच येतं आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. पोह्यात गहू कुठं असतो? विचारायचं ते असं : कशात तळलं? रस्सा कशानं दाट केला? हा तवा आणि हा झारा आणखी कशाला वापरता? या तिन्हींची उत्तरं मालक गल्ल्यावरून देऊ शकत नाही, तो आत विचारतो, आणि मग तुम्ही सरळ आत जाऊन पाहू शकता. आपल्याकडच्या छोट्या हॉटेलांची मला ही गोष्ट फार आवडते, भटारखाना समोरच असतो. मोठ्या हॉटेलात दार बंद.

तुमच्या कामाचा सगळ्यात मोठा आधार मात्र वेगळा आहे : उपवास. आपल्या शास्त्रानं उपवासाला गहू वर्ज्य केला, ते तुमच्या फार उपयोगाचं आहे. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेलं रताळं, दही. यात गहू नसतो, आणि बहुतेक घरी-हॉटेलात हिंगही पडत नाही. शिवाय 'उपवास आहे' म्हटलं की स्वयंपाकी भांडं धुऊन घेतो, वेगळा चमचा घेतो, कणकेचा हात लावत नाही. जे मी तासभर समजावून होत नाही ते या एका शब्दानं होतं. माझा मुलगा म्हणायचा, हे खोटं बोलणं झालं ना? मी त्याला सांगितलं, तुझा गव्हाचा उपास आहेच, जन्माचा आहे. साबुदाणा वडा आणि बटाट्याचा उपासाचा चिवडा मात्र विचारूनच घ्या. एकादशी, चतुर्थीला वेगळं तेल ठेवतात. इतर दिवशी तोच वडा समोशाच्या कढईत उतरतो.

ढाब्यावरच्या ज्वारीच्या भाकरीवर मी विश्वास ठेवत नाही. चक्कीचं मी वर लिहिलंच आहे, त्यात परात कणकेची, तवा पोळीचा. साधा भात, दही, उकडलेली अंडी, काकडी-कांदा हे घ्या. अंडी सोललेली नकोत, सालासकट मागा. ऑम्लेट घ्यायचं तर तवा तुमच्यासमोर घासून घ्या, त्याच तव्यावर पाव भाजतात. सावजी रस्सा तुम्हाला आवडत असणार, पण तो ओळखीच्या घरी, स्वतःच्या हिंगाशिवायच्या मसाल्यात. तर्री-पोह्यातले नुसते पोहे कोरडे काढून घेता येतात, वरची शेव आणि तर्री नको, आणि पोह्यांच्या फोडणीत हिंग पडला का ते विचारून. इडली-डोशाच्या पिठात रवा-मैदा घालणारे आहेत, सांबारात हिंग. चायनीजच्या गाडीकडे तर बघूच नका, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतोच. बीअर जवाची असते. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीही जवाच्याच. चहा घ्या, बिस्कीट बुडवलेल्या कपातला नको.

गाडीच्या डिक्कीत एक डबा कायम ठेवा : शेंगदाणे, खजूर, गूळ, घरचे मुरमुरे, केळी. हिवाळ्यात संत्री आहेतच. पाकीट घ्यायचं झालं तर मागची बाजू वाचा, गहू असेल तर तसं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. 'ग्लुटेन-फ्री' लिहिलं असेल तर त्यात किलोमागं २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे.

आणि एक करा. दर खेपेला नवा ढाबा शोधू नका. तिन्ही रस्त्यांवर एकेक जागा धरा, दुपारी गर्दी ओसरल्यावर जा, स्वयंपाक्याचं नाव विचारा, त्याला एकदा नीट सांगा, पुढच्या वेळी त्याच्याच हातचं खा. महिनाभरात तो तुम्हाला बघूनच वेगळं पातेलं काढेल. माझा मुलगा अमरावतीला शिकायला होता तेव्हा त्याची खानावळ अशीच जमली. त्या काकूंनी त्याच्या पातेल्याला निळा दोरा बांधून ठेवला होता. तो दोरा बघून दुसऱ्या कामवाल्या बायाही ते पातेलं दुसऱ्या कशाला घेत नसत.

प्रश्न : चुकून खाल्लं गेलं तर उतारा काय?
(चार पत्रांत हा प्रश्न आहे)

उत्तर : उतारा नाही. ओकारी काढू नका, एरंडेल देऊ नका, लंघन करायला लावू नका. 'ग्लुटेन पचवणाऱ्या' गोळ्या विकतात, त्यांच्या भरवशावर पोळी खायची नाही, त्या आतडं वाचवत नाहीत. ओआरएसचं पाणी घोट घोट द्या, मऊ भात, ताक, आराम. कुणाला तासाभरात त्रास होतो, कुणाला दुसऱ्या दिवशी, दोन-चार दिवसांत बहुतेक उतरतो. जुलाब थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, मूल मलूल पडलं असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर दवाखान्यात न्या, ते दुसरंही काही असू शकतं. तारीख आणि काय खाल्लं ते वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत चौदा नोंदी आहेत, त्यातल्या सहा तळणीच्या तेलाच्या आहेत, पोळीची एकही नाही. आणि ज्याच्या घरी झालं त्याला नंतर शांतपणे सांगा. न सांगितलं तर त्याच्याकडून पुढच्या वेळीही तेच होणार.

प्रश्न : सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला म्हणून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. भंडाऱ्यातही हेच. प्रसादाचा कण घेतला तर चालेल का?
(एक नवी सून, मूर्तिजापूर तालुका)

उत्तर : प्रसादाचा शिरा रव्याचा, रवा गव्हाचा. कणही घेऊ नका. द्रोण दोन्ही हातांनी घ्या, कपाळाला लावा आणि शेजारच्या लेकराच्या हातात द्या. मी मुलाला हेच शिकवलं. पंचामृत आणि केळं तुम्ही घेऊ शकता, फक्त शिऱ्यात बुडवलेल्या चमच्यानं तीर्थ वाढत नाहीत ना एवढं पाहा. तुमच्या घरी पुढची पूजा असेल तेव्हा सासूबाईंना आधीच विचारा, नैवेद्याचा सव्वा मापाचा शिरा रव्याचाच राहू द्या आणि सोबत राजगिऱ्याच्या पिठाचा वाटीभर वेगळा करा, वेगळ्या कढईत. दोन्हींवर तुळस ठेवा. आमच्या गुरुजींनी याला लगेच होकार दिला होता.

सासूबाई अबोला धरतात, कारण त्यांना हा आजार कुणी नीट सांगितलेला नाही. तुमच्या नवऱ्यानं सांगायला हवं, ते काम तुमच्या एकटीचं नाही. तो वरचा कणकेचा गोळा त्यालाच धुवायला लावा, आईच्या समोर.

भंडाऱ्याचं म्हणाल तर, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला आमच्या गावात झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी असते. भाकरी घराघरांतून येतात, म्हणजे वीस चक्क्यांचं आणि वीस तव्यांचं पीठ. तेव्हा ज्वारीची दिसली तरी ती नाही. गेली काही वर्षं आमच्या आळीतल्या बाया आदल्या दिवशी माझ्याकडे येतात, माझ्या घरघंटीवर पाच किलो ज्वारी दळतात आणि माझ्याच तव्यावर भाकरी थापतात. गावात आता आणखी दोन लेकरं निघाली आहेत या आजाराची. त्यांची टोपली वेगळ्या फडक्यात बांधून मंदिरात जाते, आणि वाढणारा आधी त्या टोपलीला हात धुऊन हात घालतो, मग पंगत बसते.